गावाला ‘माहीतच असतं’ ते तपासायचं कसं? समाजशास्त्राचं संशोधन करणाऱ्या खान्देशातल्या पोरापोरींसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावात पारावर बसा, एक विषय निघतोच निघतो. "आमना पोऱ्याले कोन्ही पोर देत नही." शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, सगळ्या मुलींना नोकरीवाला पाहिजे, तोही पुण्या-नाशिकचा. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कारणंही सगळ्यांना पाठ आहेत. समाजशास्त्राचं काम इथूनच सुरू होतं, म्हणजे जे सगळ्यांना माहीत आहे ते खरंच तसं आहे का, किती आहे, कोणाच्या बाबतीत आहे आणि कोणाच्या बाबतीत नाही, हे नीट पद्धतीने बघायचं.

एमएला आता रिसर्च प्रोजेक्ट करावाच लागतो, पीएचडीवाल्यांचं तर सगळं त्यावरच असतं, पण संशोधन पद्धतीचा पेपर पाठ करून पास होणं वेगळं आणि वही घेऊन गावात उतरणं वेगळं. म्हणून हा एकच विषय, शेतकरी पोरांच्या लग्नाचा, धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं जायचं ते सांगतो. तुमचा विषय दुसरा असेल, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांची शाळा असेल, सुरतला गेलेली कुटुंबं असतील, बचत गट असतील, वाट हीच राहणार. आणि एक प्रश्न प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारायचा: यातून कोण सुटलं, म्हणजे माझ्या मोजणीत यायचं कोण राहून गेलं? माझ्या मते अर्धं संशोधन या एका प्रश्नातच आहे.

आधी विषयाचा प्रश्न करा

‘ग्रामीण युवकांच्या विवाहविषयक समस्यांचे समाजशास्त्रीय अध्ययन’ हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. प्रश्न असा पाहिजे की ज्याचं उत्तर ‘हो’ही येऊ शकतं आणि ‘नाही’ही. उदाहरणार्थ: एकाच गावातल्या एकाच वयाच्या पोरांमध्ये, शेती करणाऱ्यांचं लग्न नोकरी करणाऱ्यांपेक्षा खरंच उशिरा होतं का, आणि होत असेल तर ते शेतीमुळे की जमीन कोरडवाहू असल्यामुळे की शिक्षण कमी असल्यामुळे? आता याच्यात तपासण्यासारखं काहीतरी आलं. जर तुमचा प्रश्न असा असेल की उत्तर काहीही आलं तरी तुम्ही शेवटी तेच लिहिणार आहात, तर तो प्रश्न टाकून द्या आणि दुसरा शोधा.

प्रश्न ठरवताना आधीचं वाचन करायचं, नंतर नाही. शोधगंगा या वेबसाइटवर देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, तिथे आपल्या विद्यापीठाचेही आहेत. जनगणनेचे जिल्हावार आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली साडेआठशेपेक्षाही कमी होत्या, आता हा आकडा समोर आला की लगेच दुसरं स्पष्टीकरण उभं राहतं, की मुळात मुलीच कमी जन्माला येऊ दिल्या असतील तर दोष शेतीचा किती आणि आपला किती? पण थांबा, २०११ ला सहा वर्षांची असलेली मुलगी आत्ता कुठे लग्नाच्या वयाला येतेय, म्हणजे आज तिशीत असलेल्या पोरांसाठी त्याआधीच्या जनगणनांचे आकडे काढायला लागतील. वाचन म्हणजे हे, असे धागे जुळवत जाणं, दहा व्याख्या उतरवून काढणं नाही.

शब्द मोजता येतील असे करा

‘शेतकरी’ म्हणजे कोण? ज्याच्या बापाच्या नावावर सातबारा आहे तो? स्वतः नांगर धरणारा? की ज्याच्या घरात अर्ध्याहून जास्त पैसा शेतीतून येतो तो? आपल्याकडे तिशीतल्या बहुतेक पोरांच्या नावावर जमीन नसतेच, वाटणी झालेली नसते, म्हणून ‘तुमच्या नावावर किती जमीन’ असं विचारलं की अर्ध्या गावाचं उत्तर शून्य येईल आणि तुमच्या तक्त्यात बागायतदाराचा पोरगा भूमिहीन होऊन बसेल. विचारायचं ते कुटुंबाची जमीन किती, त्यातली बागायत किती, पाणी कशाचं आहे, विहीर, बोअर, पाट, उपसा, आणि खाणारे भाऊ किती.

तसंच ‘लग्न जमत नाही’ म्हणजे काय तेही ठरवा. मी असं धरीन: वय २८ पूर्ण, लग्न झालेलं नाही, आणि घरच्यांनी कमीत कमी दोन वर्षांपासून स्थळं बघायला घेतलीत. ज्याला स्वतःलाच करायचं नाही तो वेगळा, ज्याचं मोडलं तो वेगळा. अशी व्याख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायची आणि मध्येच बदलायची नाही, बदललीच तर तारीख टाकून का बदलली ते लिहायचं.

आराखडा: तुलना नसेल तर काहीच नाही

इथे मला जास्त वेळ घालवायचाय कारण इथेच सगळ्यात जास्त प्रोजेक्ट वाया जातात. नेहमी काय होतं, विषय ‘लग्न न झालेले शेतकरी युवक’ असतो म्हणून आपण लग्न न झालेले ५० शेतकरी युवकच गाठतो, त्यांना विचारतो की बाबा लग्न का झालं नाही, ८० टक्के सांगतात शेती आहे म्हणून, आणि आपण निष्कर्ष काढतो की शेतीमुळे लग्न होत नाही. पण गावात लग्न झालेले शेतकरीही आहेत ना? आणि नोकरी असूनही बिनलग्नाचे असलेलेही आहेत. त्यांना भेटल्याशिवाय शेतीचा आणि लग्नाचा संबंध तुम्हाला कळणारच नाही. म्हणून चारही गट पाहिजेत: शेतकरी-विवाहित, शेतकरी-अविवाहित, नोकरदार-विवाहित, नोकरदार-अविवाहित. (मजुरी करणारा आणि स्वतःचा छोटा धंदा असलेला पोरगा यांचे रकाने वेगळे करा, त्यांना नोकरीत ढकलू नका.)

आता विचारा, कोण सुटलं? गावात आज राहणारेच पोरं घेतले तर सुरत, नाशिक, पुणे, वापीला गेलेले सुटले. आणि ते काही सहज सुटलेले नाहीत, लग्न जमावं म्हणूनच कित्येक जण शेती सोडून सुरतजवळच्या उधन्याच्या कारखान्यात जाऊन बसलेत, म्हणजे ज्या गोष्टीचा तुम्ही अभ्यास करताय तिनेच त्यांना गावातून उचललंय. त्यांना वगळून काढलेलं उत्तर चुकीचंच येणार. उपाय सोपा आहे, अभ्यासाचं एकक ‘गावात भेटलेला पोरगा’ असं न धरता ‘निवडलेल्या घरात जन्मलेला, आज २८ ते ३५ वर्षांचा प्रत्येक मुलगा’ असं धरायचं, मग तो आज कुठेही राहो. घरातून प्राथमिक माहिती घ्यायची आणि बाहेर असलेल्यांशी फोनवर बोलायचं.

पद्धत कुठली वापरायची यावर पोरं उगाच भांडतात, सर्वेक्षण भारी की मुलाखत भारी. ‘किती’ आणि ‘कोणाच्यात जास्त’ हे सर्वेक्षणातून कळतं, ‘कसं’ आणि ‘का’ हे लांब मुलाखतीतून आणि तिथे राहून बघण्यातून. या विषयाला दोन्ही लागतात. आणि एक तिसरं साधन आपल्याकडे फार चांगलं आहे ज्याकडे कोणी बघत नाही, ते म्हणजे समाजासमाजाच्या वधू-वर सूच्या. मेळाव्यांच्या जुन्या पुस्तिका कोणाच्या ना कोणाच्या कपाटात सापडतात. त्यातला ‘अपेक्षा’चा रकाना घ्या, दहा वर्षांपूर्वीची सूची आणि आत्ताची सूची शेजारी ठेवा आणि किती ठिकाणी ‘नोकरी’, किती ठिकाणी ‘शहर’, किती ठिकाणी ‘शेती चालेल’ लिहिलंय ते मोजा. नावं आणि फोन नंबर उतरवायचे नाहीत, फक्त रकाने. पण इथेही तेच, सूचीत नाव देणारी घरं कोणती आणि न देणारी कोणती? गरीब मजुराच्या पोराचा बायोडाटा रंगीत पुस्तिकेत नसतो.

कोणती गावं, कोणती घरं

खान्देश एकसारखा नाही हे आपल्याला सांगायला नको. रावेर-यावलचा केळीचा पट्टा वेगळा, पारोळा-अमळनेरकडचा कोरडवाहू भाग वेगळा, आणि सातपुड्यातलं धडगाव-अक्कलकुवा तर पूर्ण वेगळं. नंदुरबार जिल्ह्यात २०११ ला ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. भिल्ल-पावरा समाजात परंपरेने मुलाकडचे मुलीकडच्यांना देज (वधूमूल्य) देतात, म्हणजे हुंड्याबद्दलचा तुमचा प्रश्न तिथे उलटा पडतो. म्हणून एकच प्रश्नावली घेऊन सगळीकडे फिरू नका. एकट्या विद्यार्थ्याने एक बागायती आणि एक कोरडवाहू असा भाग घ्यावा, प्रत्येकात दोन गावं, आणि शीर्षकात ‘खान्देश’ न लिहिता त्या दोन तालुक्यांचीच नावं लिहावीत. सातपुडा घ्यायचा असेल तर तो स्वतंत्र अभ्यास म्हणून घ्या, तेवढा मान त्याला द्या.

नमुना किती घ्यायचा, म्हणजे सगळ्यांमधून किती जण निवडायचे, हा प्रश्न सगळे विचारतात. गाईड लोक ३८४ हा आकडा सांगतात, तो येतो कुठून तर ९५ टक्के खात्री आणि अधिक-उणे ५ टक्के चूक धरून, आणि उत्तर ५०-५० विभागलेलं असेल असं गृहीत धरून. मूळ लोकसंख्या लहान असेल तर तो कमी होतो, समजा चारही गावं मिळून त्या वयाचे ६०० मुलगे असतील तर साधारण २३५ पुरतात. पण हे गणित तेव्हाच खरं जेव्हा निवड चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी असते, आणि तुम्ही गावं निवडून मग घरं निवडताय, एका गावातली माणसं एकमेकांसारखीच असतात, त्यामुळे तेवढीच अचूकता पाहिजे असेल तर आकडा दीडपट-दुप्पटही करावा लागू शकतो. एवढं जमत नसेल तर नमुना लहान ठेवा आणि दावाही लहान ठेवा. पण दुपारी चौकात भेटलेल्या ५० जणांना धरून त्याला ‘यादृच्छिक नमुना’ (रँडम सॅम्पल) म्हणू नका, तो सोयीचा नमुना आहे.

घरं निवडायला यादी लागते. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचं रजिस्टर, अंगणवाडीताईचं कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर, मतदार यादी, यातली कमीत कमी दोन मिळवून एकमेकांशी ताडून बघा. (ही रजिस्टरं बघायला रीतसर परवानगी घ्या.) अंगणवाडीचं रजिस्टर मला सगळ्यात भरवशाचं वाटतं कारण ताई स्वतः दारोदार फिरलेल्या असतात. यादीत ४८० घरं आहेत आणि तुम्हाला ६० पाहिजेत, तर अंतर ८ झालं, १ ते ८ मधला एक आकडा चिठ्ठीने काढा, ५ निघाला तर ५, १३, २१, २९ असं शेवटपर्यंत. यादीत कोण सुटलं? मळ्यात राहणारे सुटतात. केळीच्या पट्ट्यात शेतातच झोपडी करून राहणारे सातपुड्यातले सालदार बऱ्याचदा गावच्या कुठल्याच यादीत नसतात, त्यांची मोजणी तुम्हालाच शिवार फिरून करायला लागेल, आणि ती करायचीच.

व्हॉट्सॲपवर गुगल फॉर्म फिरवून चारशे उत्तरं गोळा करायचा मोह होईल. अमेरिकेत १९३६ साली लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, त्यातल्या तेवीस-चोवीस लाख परत आल्या, आणि त्यावरून सांगितलं की राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या यादीतून, मंदीच्या काळात, आणि ज्यांनी उत्तर पाठवायची तसदी घेतली तेही बाकीच्यांसारखे नव्हते. लाखोंचा आकडा असूनही उत्तर चुकलं. आपल्या फॉर्मचं तेच होतं, ग्रुपवरची शिकलेली, शहरातली, विषयावर आधीच तावातावाने बोलणारी पोरं भरतात.

प्रश्नावली: मत विचारू नका, घडलेलं विचारा

रिचर्ड लापिएर नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी जोडप्यासोबत देशभर फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दल उघड द्वेष होता. २५१ हॉटेलं आणि खानावळींमध्ये गेले, नकार मिळाला फक्त एकदा. नंतर त्याच जागांना पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ लिहिलं. १९३४ साली त्यांनी हे छापलं. माणूस बोलतो ते आणि करतो ते यात एवढं अंतर पडतं.

म्हणून मुलीच्या बापाला ‘शेतकरी मुलाला मुलगी द्याल का?’ असं विचारून काही हाती लागत नाही. तो पाहुण्यासमोर शोभेल असं उत्तर देईल. त्यापेक्षा विचारा, ‘तुमच्या मुलीसाठी शेवटची तीन स्थळं आली ती कोणती? मुलगा काय करतो? बोलणी कुठपर्यंत गेली? कुठे थांबली?’ आणि अविवाहित पोराला ‘तुमचं लग्न का झालं नाही?’ असं तर कधीच विचारू नका, तो प्रश्न जखमेवर बोट ठेवणारा आहे. ‘गेल्या दोन वर्षांत किती ठिकाणी बघायला गेलात, किती जण घर बघून गेले, पत्रिका किती ठिकाणी दिली’, असं विचारलं की तो स्वतःहून सांगत जातो, आणि तुम्हाला मोजता येईल असं काहीतरी मिळतं.

एका प्रश्नात दोन प्रश्न घालू नका (‘जमीन आणि शिक्षण कमी असल्यामुळे नकार आला का?’ याला हो म्हटलं तर कशाला हो?). उत्तर सुचवणारा प्रश्न नको. वय विचारलं की लोक ३० किंवा ३५ सांगून मोकळे होतात, त्याऐवजी दहावीला कोणत्या साली बसलास ते विचारा आणि त्यावरून पडताळा. जुनी तारीख आठवत नसेल तर मोठ्या घटनेला टेकवा, नोटाबंदीच्या आधी की नंतर, पहिल्या लॉकडाऊनच्या आधी की नंतर. पैशाचे आणि नाजूक प्रश्न शेवटी. पूर्ण प्रश्नावली पंचवीस-तीस मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका, शेतावरून आलेल्या माणसाला जेवायचं असतं.

प्रश्न छापलेत प्रमाण मराठीत तरी विचारायचे अहिराणीत, तावडीत, पावरीत, जिथे जे बोलतात त्यात. एकापेक्षा जास्त जण विचारणार असाल तर प्रत्येक प्रश्न बोलीत कसा विचारायचा ते सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा, नाहीतर प्रत्येक जण आपापला प्रश्न विचारेल. मग अभ्यासाच्या बाहेरच्या शेजारच्या गावात दहा-पंधरा घरांमध्ये ट्रायल घ्या. जिथे लोक अडखळतात, हसतात, किंवा बायकोकडे बघतात तो प्रश्न दुरुस्त करा. ट्रायलची उत्तरं मुख्य अभ्यासात मिसळायची नाहीत.

कधी जायचं आणि कोणासोबत बसायचं

कॅलेंडर आधी बघा. कापूस वेचणीच्या दिवसात दुपारी घरी कोणी नसतं. ऊसतोडीला आणि गुजरातकडे मजुरीला गेलेली कुटुंबं दिवाळीनंतर गावात नसतात, सातपुड्यातले लोक होळीला, त्याआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या सुमारास परत येतात, म्हणजे डिसेंबरात पाड्यावर गेलात तर तुम्हाला म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटणार. लग्न होऊन गेलेल्या मुलींशी बोलायचंय? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, सासरचं कोणी कान देऊन बसलेलं नसतं, त्या आठवड्यात त्या जेवढं मोकळं बोलतील तेवढं वर्षभरात बोलणार नाहीत. ऊन मरणाचं असतं, पण सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सातनंतर काम होतं.

पहिल्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, मुख्याध्यापक यांना भेटून कॉलेजचं पत्र दाखवायचं, तो गावचा रिवाज आहे आणि पाळायलाच पाहिजे. पण सरपंचआप्पांच्या ओट्यावरच मुक्काम ठोकू नका. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले, भारतातल्या ग्राम-अभ्यासाचं ते नावाजलेलं काम, आणि आपल्याला गाव जास्त करून वरच्या जातीच्या जमीनदारांच्या बाजूने दिसलं हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. एवढ्या मोठ्या माणसाला हे जाणवलं तर आपण तर जास्तच सांभाळायला पाहिजे. गावात तुमच्या आडनावावरून तुमची जात दोन मिनिटांत निघते आणि त्याप्रमाणे लोक बोलतात किंवा गप्प बसतात. शक्य असेल तर वेगवेगळ्या समाजाच्या दोन-तीन जणांनी मिळून काम करा, बायकांशी बोलायला मुलगीच असू द्या. आणि चहा-पाणी सगळ्या वस्त्यांमध्ये घ्या. एका घरी घेतलंत आणि दुसऱ्या वस्तीत ‘आत्ताच झाला’ म्हणालात, तर ते कोणाच्या नजरेतून सुटत नाही.

बंद दार दिसलं म्हणून शेजारचं घर धरायचं नाही. तीन वेगवेगळ्या वेळी जा, तरी नाही भेटलं तर ‘भेटले नाहीत’ म्हणून नोंदवा. किती घरं निवडली, किती भेटली, कितींनी नकार दिला, किती गावातच नव्हती, हा चार आकड्यांचा तक्ता तुमच्या प्रबंधातला सगळ्यात प्रामाणिक तक्ता असतो, तरी तो फार कमी प्रबंधांमध्ये बघायला मिळतो.

लांब मुलाखती वीसेक घ्या, प्रत्येक गटातून काही. रेकॉर्डिंग विचारूनच. ‘जिभाऊ, मोबाईल इथे ठेवला तर चालेल ना?’ नाही म्हणाले तर वहीत टिपणं काढा. माणूस बोलताना थांबला तर लगेच पुढचा प्रश्न फेकू नका, थांबा, खरी गोष्ट बऱ्याचदा त्या थांबण्यानंतर येते. आईशी स्वतंत्र बोला, या विषयात पोराच्या आईला जेवढं माहीत असतं तेवढं पोरालाही नसतं. आणि रोज रात्री झोपायच्या आधी टिपणं पूर्ण करायची, पानाच्या डाव्या बाजूला जे बघितलं-ऐकलं ते, उजव्या बाजूला मला काय वाटतं ते, दोन्ही मिसळू द्यायचं नाही. नवीन मुलाखतीतून नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं.

श्रीनिवासांची आणखी एक गोष्ट इथेच सांगायला पाहिजे, १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना आग लावण्याचा प्रकार झाला आणि त्यांच्या गावाच्या टिपणांवर प्रक्रिया करून तयार केलेल्या प्रती जळाल्या, मग त्यांनी बरंचसं आठवणीवर लिहिलं. तुमच्याकडे मोबाईल आहे. रोज वहीच्या पानांचे फोटो काढा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सर्वेक्षणाला कोबो टूलबॉक्स हे मोबाईलवर प्रश्नावली भरायचं साधन वापरा, ते नेटवर्क नसतानाही चालतं आणि सातपुड्यात तेच पाहिजे.

संमती आणि जबाबदारी

प्रत्येकाला सोप्या शब्दांत सांगा: मी कोण, कशासाठी विचारतोय, यातून तुम्हाला कुठली योजना किंवा स्थळ मिळणार नाही, नको वाटेल तिथे थांबू शकता. नवरदेवांना खरंच वाटतं की हे पोरं मुली बघून देतील, ती आशा पहिल्याच वाक्यात दूर करा, ती राहू देणं हे मला सगळ्यात मोठं पाप वाटतं. अंगठा-सही घेतली की लोक बिचकतात, तोंडी संमती घेऊन तुम्ही नोंद केली तरी चालतं, फक्त ते आधी गाईडकडून मंजूर करून घ्या.

दलालामार्फत बाहेरच्या भागातून आणलेल्या सुनांचा विषय यात येणारच. त्यांच्याशी सासरच्यांसमोर बोलू नका, आणि एकांत मिळत नसेल तर तो प्रश्न सोडून द्या, तुमच्या तक्त्यातल्या एका रकान्यासाठी तिच्या घरात वादळ नको. बालविवाह समोर आला तर? २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, आणि पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्याने ती कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे ‘सगळं गुप्त राहील’ असं सरसकट वचन तुम्ही देऊच शकत नाही. अशा वेळी काय करायचं, कोणाला फोन करायचा, हे गावात जायच्या आधी गाईडसोबत बसून लिहून काढा.

आणि नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. ‘दोन पोरींचा घटस्फोटित बाप, दूध डेअरी चालवतो’ एवढं लिहिलं की अख्खा तालुका ओळखतो. माणसाचे दोन-तीन तपशील बदला, गावाचं नाव काढा, व्यवसाय ढोबळ करा.

आकडे वाचायचे कसे

आधी साफसफाई. ‘माहीत नाही’, ‘सांगितलं नाही’ आणि ‘लागू नाही’ या तिन्हींना वेगवेगळे कोड द्या, तिन्ही रिकामे सोडले की नंतर ओळखताच येत नाही. मग तक्ता करताना टक्केवारी कारणाच्या बाजूने काढायची, म्हणजे ‘अविवाहितांपैकी किती शेतकरी’ असं नाही, ‘शेतकऱ्यांपैकी किती अविवाहित’ असं.

निव्वळ समजावण्यासाठी काल्पनिक आकडे घेतो. समजा १२० नोकरदारांपैकी ३० अविवाहित, म्हणजे २५ टक्के. २८० शेतकऱ्यांपैकी १२६ अविवाहित, म्हणजे ४५ टक्के. झालं, पारावरचं बोलणं सिद्ध झालं असं वाटेल. आता शेतकरी फोडा. बागायतवाले १००, त्यातले २८ अविवाहित, २८ टक्के. कोरडवाहू १८०, त्यातले ९८ अविवाहित, ५४ टक्क्यांच्या पुढे. बागायतदार पोरगा जवळजवळ नोकरदाराइतकाच आहे! म्हणजे नकार शेतीला नाही, पाण्याच्या भरवशाला आहे, किंवा असेल. यानंतर शिक्षणाने फोडा, जातीने फोडा, भावांच्या संख्येने फोडा, आणि प्रत्येक वेळी रकान्यात किती माणसं उरली ते बघा, सात-आठ माणसांवर टक्केवारी काढू नका. काय-वर्ग चाचणी (chi-square), प्रतीपगमन (regression) वगैरे संख्याशास्त्राच्या पद्धती नंतर करा, जमोवी किंवा आर ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत, पण आधी साधे तक्ते डोळ्यांनी वाचायला शिका.

मुलाखतींचं कोडिंग म्हणजे प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो कशाबद्दल आहे ते दोन-तीन शब्दांत लिहायचं, मग सारखे कोड एकत्र आणायचे. चार-पाच मुलाखती दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणे कोड करायला द्या आणि तुमचं-त्याचं कुठे जुळत नाही ते बसून बघा. तुमच्या अंदाजाला छेद देणारी मुलाखत, समजा कोरडवाहू दोन एकर असूनही पंचविशीत लग्न झालेला पोरगा, ती सगळ्यात लक्ष देऊन वाचा. त्याच्या लग्नाची गोष्ट कशी जुळली, मामाने जुळवली, साटंलोटं झालं, की प्रेमविवाह, त्यात बाकीच्या चाळीस जणांच्या अडचणीचं उत्तर असू शकतं.

लिहिताना आणि लिहून झाल्यावर

पद्धतीचं प्रकरण पुस्तकातल्या व्याख्यांनी भरू नका. तुम्ही काय केलं ते लिहा: यादी कुठून घेतली, कोण सुटलं, किती दारं बंद होती, कोणता प्रश्न चालला नाही. निष्कर्षात फक्त तेच लिहा जे तुमच्या तक्त्यातून आणि मुलाखतींतून निघतं. ‘शासनाने लक्ष द्यावे’ हे वाक्य लिहायचं असेल तर कोणत्या खात्याने, नेमकं काय, आणि तुमच्या कोणत्या आकड्यावरून, तेही लिहा.

प्रबंध जमा करायच्या आधी गावात परत जा. शाळेत किंवा मंदिरात लोकांना बसवून, त्यांच्या बोलीत, अर्ध्या तासात काय सापडलं ते सांगा. बायकांची बैठक वेगळी घ्या. लोक म्हणतील, ‘हे चुकीचं आहे’, कधी कधी ते बरोबर असतात, कधी त्यांना ते ऐकायचं नसतं, दोन्ही वेळा त्यांचं म्हणणं परिशिष्टात घाला.

नावं आणि कोड नंबर जोडणारी यादी वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड घालून ठेवलेली असते, तोंडी परीक्षा झाली की ती पुसून टाका. प्रश्नावली, कोडबुक (कोणत्या कोडचा काय अर्थ त्याची यादी) आणि ओळख काढलेला डेटा मात्र विभागाच्या लायब्ररीत द्या, म्हणजे आणखी पाच वर्षांनी कोणी त्याच गावात हाच प्रश्न घेऊन गेलं तर त्याला तुलना करता येईल.